बाळाच्या वाकळीचा कोपरा

तलावाच्या काठावरचं हे एवढंसं गाव वाकळांसाठी नावाजलं, ते तुळजाबाईच्या हातामुळं. जुन्या लुगड्यांच्या थरांवरून तिचा दोरा असा धावायचा, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. जीभ मात्र तिखट. कुणी खोट काढली, की तिचं ठरलेलं उत्तर, मग तुमीच शिवा. कित्येक गिऱ्हाइकं तिनं अशी वाटेला लावलेली.

एक रीत मात्र ती पाळायची. वाकळीचा शेवटचा कोपरा मोकळा ठेवायचा, तिच्यात जो निजणार त्याचं नाव घेऊन आत मूठभर ज्वारी घालायची, मगच टाका मारायचा. उपाशी शिवलेली वाकळ माणूस मागते, असं तिची आई सांगायची. पोटातल्या बाळाचं नाव कसं घेणार? म्हणून त्याची वाकळ जन्मापर्यंत उघडीच. लेकीच्या वेळी हौसेच्या भरात तुळजाबाईनं कोपरा आधीच शिवला, आणि लेकीचं बाळ पोटातच गेलं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा सून करिष्मा आठव्या महिन्यात ऊसतोडीला गेलेली. नको जाऊ म्हणून सांगता सांगता म्हातारीचा घसा कोरडा पडला. पण तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, एकटा शहादेव काय करणार? नातवाची वाकळ तेवढी घरात होती, एक कोपरा उघडा ठेवलेली.

रविवारी अंबाजोगाईहून तलाव आणि वाकळा बघायला बायका आल्या. त्यांतल्या बबिता मॅडमना नेमकी तीच आवडली. ही विकायची नाही, असं तुळजाबाईनं सांगून टाकलं. मॅडम हसून म्हणाल्या, कोपरा शिवायचा राहिलाय की. चुलीकडं जाता जाता तुळजाबाई सवयीनं बोलून गेली, "मग तुमीच शिवा की, बाई."

चहा घेऊन आली, तर मॅडमनी खरंच शिवला होता. बारीक, देखणे टाके. बिचारीला वाटलं, आपण म्हातारीला मदतच केली.

तुळजाबाईनं चहा तसाच खाली ठेवला. जळो मेली ही जीभ! तिनं दातानं दोरा तोडला, कोपरा उसवला आणि फोन घेतला. दोनदा तो नुसताच वाजला. तिसऱ्यांदा करिष्मानं उचलला. सगळं बरं हाय ना, असं सासूनं विचारलं.

"आत्या, सकाळपासून बाळ हललं न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?"

"कोयता टाक तिथंच. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

बायका कधी गेल्या, तिला कळलं नाही. डब्यातली मूठभर ज्वारी घेऊन ती उघड्या कोपऱ्यापाशी बसली. ऊन कलंडलं तरी फोन वाजला नाही. मूठ तशीच आवळलेली राहिली, कारण नाव घ्यायला कुणी आहे का, हेच अजून कळायचं होतं.