बसून ऐकलेला बँड

माझे अप्पा बँडमास्तर होते. कुंभकोणमात लग्नाची वरात निघो की देवळाचा उत्सव, सर्वांत पुढे हातात बांबूची काडी घेऊन, लाल कोटात घामाने निथळणारे अप्पा असायचेच. मागे अकरा माणसं. त्यांतला क्लॅरिनेटवाला एरवी शिंपी, कॉर्नेटवाल्याचं विड्याच्या पानांचं दुकान आणि मोठा ढोल बडवणारा दिवसभर पितळी भांडी घडवायचा. तालमीला कुणी वेळेवर येईल तर शपथ! अप्पा आधी कडकडून रागवायचे आणि मग स्वतःच सगळ्यांना कॉफी पाजायचे.

अप्पांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यातल्या बँडात होते. तिथे म्हणे वाजवणारेही खुर्च्यांवर बसत आणि ऐकणारेही. पुढे वाड्याची रया गेली, बँड मोडला, आणि आजोबांनी बांधलेल्या एका सुरावटीचे हाताने लिहिलेले कागद तेवढे आमच्याकडे उरले. ही सुरावट मध्यावर अगदी हळू होते, एकटी क्लॅरिनेट उरते. रस्त्यावरच्या फटाक्यांत आणि मोटारींच्या भोंग्यांत ती कोण ऐकणार? तीसेक वर्षं बँड चालवूनही अप्पांनी ती लोकांपुढे एकदाही वाजवली नव्हती.

"चालत्या बँडाला लोक वाट देतात, कान नाहीं देत," ते म्हणायचे. "एकदां अस्के बैसून ऐकोत. मग काडी ठेवून देतों."

अस्के म्हणजे सगळे. आमची मराठी अशीच जुनाट. पुण्याहून कुणी आलं की तोंडावर पदर धरून हसायचं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी अप्पांच्या गुडघ्यांनी दावा साधला. डॉक्टरांनी मैलोन्‌मैल चालायला बंदी केली. चालणं बंद म्हणजे बँड बंद. लाल कोट घडी घालून ट्रंकेत ठेवताना मी अप्पांना पाहिलं आणि मला रडू आलं. मीच म्हटलं, "अप्पा, माझ्या लग्नांत ती चीज वाजवा. बैसवून."

लग्न झालं सकाळी. जेवणं आटोपल्यावर कार्यालयात खुर्च्या मांडल्या. सासरचं वऱ्हाड पापनाशम्‌चं, त्यांची गाडी संध्याकाळची, त्यामुळे बिचाऱ्यांना पळून जायला वावच नव्हता. भिंतीपाशी तिरुनागेश्वरम्‌हून आलेले देवळातले वाजंत्री नादस्वरम्, म्हणजे त्यांची ती लांब सनई, आणि तविल, म्हणजे गळ्यातला ढोल, घेऊन टेकले होते. म्हातारे तविलवाले तविल मांडीवर ठेवून डुलक्या घेत होते.

आमच्या तिकडे लग्नात एक रीत आहे. मंगळसूत्र बांधताना कुणाची शिंक किंवा वेडावाकडा शब्द कानी पडू नये, म्हणून भटजी एक बोट उंच करून हलवतात. ते बोट दिसलं रे दिसलं की वाजंत्री जीव तोडून वाजवतात आणि लोक अक्षता टाकतात. याला केट्टिमेळम् म्हणतात.

अप्पांनी सुरुवात केली. चक्क शांतता होती. माझे सासरे पुढे झुकून ऐकत होते. तो हळू भाग आला. कॉर्नेटवाला भरात आला होता, थांबेना. त्याला दटावायला अप्पांनी डावा हात वर केला आणि एक बोट जोरात हलवलं.

हात दाखवून अवलक्षण! म्हाताऱ्यांचा डोळा नेमका तेव्हाच उघडला. तविल कडाडला, नादस्वरम्‌ने वरचा सूर धरला, वऱ्हाड सवयीने उठून उभं राहिलं आणि उरलेल्या अक्षता अप्पांच्या टकलावर पडल्या. सगळे हसत सुटले. अप्पाही हसले, पण लगेच ते कागद गोळा करू लागले.

मला संताप आला. मी नवी नवरी, मान वर करायची नाही. पण शालू सावरत उठले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. "अप्पा, पहिल्यापासून." माझे यजमान, ज्यांच्याशी मी तोवर दोन वाक्यंही बोलले नव्हते, ते शेजारी येऊन बसले. मग अस्के बसले. तविलवाल्यांनी लाजून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

या खेपेला हळू भाग आला तेव्हा अप्पांनी नुसती मूठ मिटली. एकटी क्लॅरिनेट उरली. आमचा शिंपी इतकं सुरेख वाजवतो, हे मला त्या दिवशी कळलं. सुरावट शेवटापर्यंत गेली आणि संपली.

आता काय करायचं हे कुणालाच कळेना. लग्नात टाळ्या वाजवायची आमच्यात पद्धत नव्हती. अप्पा पाठमोरेच उभे होते. तेव्हा त्या म्हाताऱ्यांनी मांडीखालचा हात काढला, आपणच बोट उंच करून हलवलं आणि तविल ओढून घेतला.

सकाळी माझ्यासाठी वाजलेलं केट्टिमेळम् मी घाबरून ऐकलंच नव्हतं. हे ऐकलं. अप्पांनी काडी खाली ठेवली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि शेवटपर्यंत बसून ऐकलं.