हळू रडा

"अहो, जरा हळू रडा. वर मुलांच्या परीक्षा चालू आहेत."

सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या दारात उभे राहून माझ्या मायला हे सांगत होते. सकाळी गावाकडून फोन आला होता. मायचा भाऊ, माझा मामा, गेला. साधा ताप. डोक्यात गेला. गावाकडं जायची गाडी संध्याकाळची. तोवर माय फरशीवर बसून रडत होती. आमच्याकडं रडतात तशी. हेल काढून, मोठ्यानं.

कोथरूडमधली सोसायटी. बाप तिथं वॉचमन. पार्किंगच्या कोपऱ्यात आमची पत्र्याची खोली. आम्ही यवतमाळकडचे. मी तेव्हा बारावीत होते.

बाप गेटवरून धावत आला. "सॉरी साहेब. तिचा भाऊ गेला, साहेब."

"कळतं हो. दुःख प्रत्येक घरात असतं. आम्ही त्याचा लाऊडस्पीकर लावत नाही."

ते गेले. बापानं दार लावलं. आणि मायच्या तोंडावर हात दाबला. त्या हाताखाली ती रडत राहिली. बापाच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण हात त्यानं काढला नाही. नोकरी होती. खोली होती. माझं शिक्षण होतं.

आमच्याकडं ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाचा अख्खा जन्म बायका त्यात सांगतात. "पायात काटा मोडला त खांद्यावर घेतलं रे दादा. माह्या लग्नात सोताची सायकल इकली रे दादा." कुणी शिकवत नाही. एकीचा दम संपला की दुसरी धरते. माझ्या मायनं मामाचा जन्म अर्धा सांगितला. उरलेला गिळला.

पुढं मी मराठी घेऊन बी.ए.ला गेले. वर्गात सरांनी विचारलं, लिहायची प्रेरणा कुठून मिळाली? मुलं पुस्तकांची नावं सांगत होती. आजोबांची कपाटं सांगत होती. माझी पाळी आली. मी म्हणाले, रडणाऱ्या बायकांकडून. वर्ग हसला. मी गंमत केली असं त्यांना वाटलं. मी खरं सांगत होते. वाक्य कुठं उचलायचं, कुठं सोडायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे मला तिथंच कळलं.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मामावर लिहिलं. मायचं रडणं जसंच्या तसं उतरवलं. गिळलेलंही तिच्याकडून काढून घेतलं.

अंकाचं काम बघणाऱ्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला. म्हणाल्या, "अनुभव अस्सल आहे गं. पण फार आरडाओरडा आहे. हे 'रे दादा, रे दादा' काढ. एकदाच पुरे. वाचकाला कळतं. जरा संयत लिही."

मी संयत लिहिलं. मामा गेला. माय गप्प बसून होती. बाहेर गुलमोहर फुलला होता. आमच्या पार्किंगजवळ गुलमोहर नव्हताच. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "आता हे साहित्य झालं."

घरी येऊन मायला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हात थांबवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली,

"चांगलं हाये. पन कोन मेलं त्यात?"



दिवाळीनंतर आजी गेली. मायची माय. या वेळी आम्ही वेळेत पोचलो. अंगणात बायका जमल्या होत्या. मायला बघून सगळ्या थांबल्या. आता लेक रडणार, पहिला मान तिचा. माय आजीच्या उशाशी बसली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. घशातून नुसती घरघर. मग तिनं सवयीनं पदर तोंडात कोंबला आणि खाली मान घालून हुंदके देत राहिली. जवळ कुणी झोपलेलं असावं तसे. मागून एक म्हातारी बोलली, "पुन्याले जाऊन पोरगी रडनं बी इसरली."

आजीचा जन्म परक्या बायकांनी सांगितला. त्यांना ठाऊक होता तेवढाच.

पुण्याला परत आले. अंक छापायला जायचा होता. मी मॅडमना म्हणाले, "माझा पहिला मजकूर छापा. नाहीतर काहीच छापू नका."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सुधारलं ना आपण?"

"मॅडम, रडताना आमच्याकडं 'रे दादा' मोजत नाहीत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हट्ट करशील तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल."

"जाऊ द्या."

गेली. अंक आला, त्यात मी नव्हते. मायला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काऊन भांडतं पोरी? आपल्याले इथंच राहाचं हाये." तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. तो तिला परत मिळेल असं मला वाटत नाही. माझं कितीही लिखाण छापून आलं तरी नाही.

पण मी लिहिणार. माझा मामा माझ्या पानावर मोठ्यानंच मरेल. आजीचा राहिलेला जन्म मी सांगेन, आमच्या बोलीत, दम संपेपर्यंत. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी आपापल्या खिडक्या लावून घ्याव्यात.