आतली कड

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. चारकोपच्या एका कारखान्याच्या गाळ्यात माल तपासनीस म्हणून लागलो. तिथे एक मावशी पोलादी पट्ट्यांच्या कडा कानशीने घासायची. पट्टी कातरली की कडेला बोट कापेल अशी बारीक धार राहते, ती काढायची. घासून झालं की कडेवरून पदर ओढायची. धागा अडकला की पुन्हा कानस.

पट्टी मिक्सरच्या आत बसायची. ड्रॉइंगप्रमाणे एकच, बाहेरची कड घासायची होती. ही दोन्ही घासायची, म्हणून तिचा माल रोज कमी भरायचा. शेठ म्हणाले, "ढिल्या बायकांची नावं लिहून दे. सोमवारपासून बंद."

मी तिला ड्रॉइंग दाखवलं. "मावशी, आतली कड कुणाला दिसते?"

"दिसत नाय रे. पण मिक्सर बिघाडलो की उघडणाऱ्याचो हात आत जाता ना? तुझ्या कागदार तो माणूस खंय आसा?"

मी कागद उलटसुलट केला. माणूस नव्हता. चूक कागदाची की तिची, एवढं शिकूनही मला कळेना.

शेठना यादी म्हणून कोराच कागद दिला. "नाव?"

"विचारायचं राहिलं." ते खरंच होतं.

"मग उद्या विचार."

दुसऱ्या दिवशीही मी विचारलं नाही. बरोबर केलं की नुसता घाबरलो, ते अजून कळत नाही.