पुढच्या महिन्यात येणारं सॉफ्टवेअर

माझ्या नवऱ्याचा डावा कान स्पीकरपाशी उभं राहून राहून गेला. शहापुरात आमचा साउंड भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्नं, सप्ताह, शाळांची संमेलनं, जे मिळेल ते. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा कान गेला तो गेला, आता उजवा जपा. एखादा मोठा दणका बसला तर तोही जाईल. त्यानंतर मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणाऱ्या यंत्रावर, मी बसायला लागले. ह्यांच्याकडे वायरी आणि स्पीकर.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आम्ही मुंबईच्या एका डीलरकडून परदेशी डिजिटल मिक्सर घेतला. आमचा जुना त्याच व्यवहारात देऊन टाकला. नवा घेतला तोच मुळी ह्यांच्या कानासाठी. माइक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, ती हा मिक्सर म्हणे आपोआप दाबायचा. छोटा टीव्हीसारखा पडदा, त्यावर आवाजाचे सतत हलणारे आकडे, आपोआप वरखाली सरकणारी बटणं. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत लोक तो बघायला यायचे.

पहिल्यांदा झालं ते एका शाळेच्या संमेलनात. मुली नाचत होत्या, गाणं मध्यावर होतं. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले आणि स्पीकरमधून असा काही आवाज फुटला की मला वाटलं बाहेरची विजेची डीपी उडाली. पत्रा करवतीने चिरावा तसा, पण शंभरपट. पुढच्या ओळीतली लहान मुलं कान धरून ओरडत होती. मी धावत जाऊन अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा डबा, बंद केला आणि आधी हे कुठे आहेत ते बघितलं. हे मैदानाच्या पार टोकाला जनरेटरपाशी होते.

डीलरला फोन केला. त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. हा दोष कंपनीला माहीत आहे म्हणाला, मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर मध्येच अडकतं. नवीन सॉफ्टवेअर तयार होतंय, पुढच्या महिन्यात येईल, आमचा माणूस येऊन फुकट टाकून जाईल.

पुढचा महिना आला नि गेला. मग दिवाळीनंतर म्हणाला, मग होळीच्या आसपास. मुरबाडच्या एका साउंडवाल्याने आमचं ऐकून तसाच मिक्सर घेतला होता. त्याचा दर आठवड्याला फोन यायचा. "वैनी, तुमचा सॉफ्टवेअर आला का?" मी नाही म्हणायचे, मग तो डीलरला चार शिव्या घालून फोन ठेवायचा. शेवटी त्याने आपला मिक्सर चादरीत गुंडाळून घरात ठेवून दिला. आम्हाला ते परवडणारं नव्हतं, आमच्याकडे दुसरा नव्हताच.

कधी महिनाभर काही व्हायचं नाही, कधी एकाच हळदीत दोनदा. वेळ-काळ काही नाही. मी पूर्ण कार्यक्रमभर त्या आकड्यांवर नजर ठेवून बसायचे. आकडे थांबले की आवाज फुटायला श्वासभराचाच अवधी असायचा, एवढं मला समजलं होतं. नवरी कशी दिसते, कुठल्या रंगाची साडी नेसलीय, ते मी त्या वर्षी एकाही लग्नात पाहिलं नाही. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. ह्यांना सांगायचे, स्पीकरच्या पुढे जाऊ नका, कानात कापूस घाला. हे म्हणायचे, एक कान तर आधीच बंद, दुसऱ्यात कापूस घातला तर हाक कशी ऐकू?

मुरबाडच्या बाजूला दुपारचं एक लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू होती. उजवीकडचा स्पीकर खरखरायला लागला म्हणून हे उठून तिकडे गेले, मी मानेने नको म्हणत असतानाच गेले. खाली वाकून वायर हलवायला लागले. डोकं स्पीकरच्या तोंडाशी, चांगला कान स्पीकरकडे, गेलेला माझ्याकडे.

आणि आकडे थांबले.

मी ओरडले. ह्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बटणं दाबून उपयोग नसतो, ती तेव्हा मेलेली असतात. अँप्लिफायर स्टेजखाली, तिथवर पोचणं शक्य नव्हतं. मी मिक्सरच्या मागे हात घातला, स्पीकरला जाणाऱ्या दोन्ही वायरी मुठीत धरल्या आणि हिसडा मारून उपटल्या. धप्प असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. मिक्सरवरचे दिवे मात्र खालपासून वरपर्यंत लाल झाले होते. तो आवाज आत चालूच होता, फक्त बाहेर येत नव्हता.

भटजी क्षणभर थांबले आणि मग नुसत्याच गळ्याने पुढे म्हणायला लागले. बायांनी त्यांना साथ दिली. लग्न लागलं. नवरीचे काका तणतणत माझ्याकडे आले, ऐन मुहूर्तावर तमाशा केलात म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मागोमाग हेही चिडून आले.

"काय केलास गो? लोकांचा लगीन हाय."

मी बोटाने लाल दिवे दाखवले. ह्यांनी एकदा दिव्यांकडे बघितलं, एकदा त्या स्पीकरकडे, आणि तिथेच मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. बराच वेळ उजव्या कानावर तळहात ठेवून होते.

दोन दिवसांनी मी एकटीच मुंबईला डीलरकडे गेले. आत एसी होता, काचेच्या कपाटात आमच्यासारखाच मिक्सर चकाकत होता. डीलर अदबीने बोलला. कंपनीकडे पाठपुरावा चालू आहे, तुमच्यासारख्या पुष्कळ तक्रारी आहेत, पुढच्या महिन्यात नक्की.

मी म्हटलं, "माझ्या माणसाला एकच कान रायलाय. तो तुमच्या पुढच्या महिन्यापर्यंत थांबल का, ते तुमी मला लिहून द्या."

तो आत गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, सॉफ्टवेअर येईपर्यंत आमच्याकडचा एक साधा मिक्सर घेऊन जा. जुनाच होता, बटणांवरचे आकडे पुसलेले. मी तो टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले.

सॉफ्टवेअर आलं ते भाताची लावणी उरकल्यावर. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, वायर जोडली, चहा संपायच्या आत काम झालं. आता काही होणार नाही, ताई, म्हणाला. मला विश्वास बसेना. मी ह्यांना शेणव्याला नणंदेकडे पाठवलं, स्पीकर शेताच्या दिशेला फिरवून ठेवले आणि दिवसभर मिक्सर चालू ठेवून समोर बसले. आकडे कुठे थांबले नाहीत.

पुढे तो मिक्सर आमच्याकडे काही वर्षं होता, आणि खरोखरच तसं परत कधी झालं नाही. ह्यांना उजव्या कानाने अजून ऐकू येतं. मुरबाडच्या साउंडवाल्याने मात्र सॉफ्टवेअर टाकून घेऊनही आपला विकून टाकला. मी त्याला वेड्यात काढलं नाही. त्यानंतर त्या मिक्सरवर मी जेवढी लग्नं वाजवली, तेवढी एका हाताने वाजवली. दुसरा हात मागच्या वायरींवर असायचा.