उत्तरेकडं तोंड केलेलं स्टेडियम

रोज संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेली की हाजराबी आधी स्टेडियमच्या दिशेनं तंबाखूची एक पिचकारी टाकायची, मगच दोरीला हात लावायची. पिचकारी खालच्या नालीत पडायची, स्टेडियमचं काही वाकडं व्हायचं नाही. पण तेवढं केल्याशिवाय तिच्या हाताला कपड्यांची घडी जमायची नाही.

नांदेडच्या पिंजारगल्लीत ती सून म्हणून आली तेव्हा गल्लीमागं नुसतं मैदान होतं. सकाळी बायका तिथं रजयांचा कापूस उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळायची. तिचा नवरा पाशामियाँ दिवसभर कापूस पिंजायचा आणि ऊन उतरलं की केसांतला कापूस न झटकताच गोलमध्ये जाऊन उभा राहायचा. गोलकीपर म्हणून त्याचं मोठं नाव होतं. त्या नावावर दुकानात चहापत्ती मिळत नाही, असं हाजराबीचं म्हणणं. पण नात सादिया त्याच मैदानात गोलमध्ये उभी राहायला लागली, तेव्हा तिचे पहिले हातमोजे हाजराबीनंच शिवले, आत रजईचा कापूस भरून.

मग मैदानावर आधुनिक स्टेडियम होणार असं ठरलं. शहराची क्रीडाविकास समिती बसली. ज्येष्ठ खेळाडू म्हणून पाशामियाँला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि खांद्यावर शाल पडली. हाजराबी मागं बायकांत बसून सगळं बघत होती.

पुण्याहून आलेल्या आर्किटेक्टनं टेबलावर नकाशा पसरला. केळीच्या पानासारखं वाकलेलं छत, हिरवंगार मैदान, एक गोल उत्तरेला, एक दक्षिणेला. समितीचे सचिव अमरेशराव नकाशावर वाकले. फुटबॉल त्यांनी आयुष्यात फक्त उद्घाटनाला लाथाडला होता.

"पाव्हण्यांचं तोंड कुठं येतंय?"

"पूर्वेला," आर्किटेक्ट म्हणाला.

"जमणार न्हाई. मंत्रीसाहेबांच्या ज्योतिष्यानं उत्तर सांगितली हाय. उत्तरेकडं तोंड करून बसलेल्या माणसाचं पद जात न्हाई." असं म्हणून अमरेशरावांनी चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या हातानं नकाशा टेबलावर पाव वळसा फिरवला. "हे बघा. झालं."

"पण मग गोल पूर्व-पश्चिम होतील. संध्याकाळी सूर्य थेट गोलकीपरच्या डोळ्यांत जाईल."

"सूर्य काय, रोज येऊन राहिला अन् जाऊन राहिला. पाव्हणे एकदाच येतात. काय चच्चा, तुम्ही तर गोलकीपर. सांगा यांना."

सगळ्यांच्या माना पाशामियाँकडं वळल्या. उभा जन्म गोलमध्ये काढलेल्या त्या माणसानं फिरलेल्या नकाशाकडं पाहिलं, शाल नीट केली आणि म्हणाला, "बहोत खूब."

घरी आल्यावर हाजराबीनं भाकर थापता थापता विचारलं, "अजी, सूर्य कुठं मावळतो तेवढं तरी ठाव हाय ना तुम्हाला?"

"चार माणसांत इज्जत दिली त्यांनी. तोंडावर न्हाई कसं म्हणू?"

"मग ती शालच बांधा उद्या पोरीच्या डोळ्यांवर."

स्टेडियम उभं राहिलं. पाहुण्यांसाठी काचेची थंडगार खोली झाली. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत पाहुण्यांचे जास्तीचे सोफे रचून ठेवले, तेव्हा पोरींनी घरूनच कपडे करून यायचं ठरलं. पश्चिमेला प्रेक्षकांच्या पायऱ्या व्हायच्या होत्या. तिथं ठेकेदारानं खोदकामाच्या मातीचा डोंगर तसाच सोडला. अमरेशराव त्याला 'नैसर्गिक प्रेक्षागृह' म्हणायचे.

उद्घाटनाला मुलींचा सामना ठेवला, नांदेड विरुद्ध हदगाव. लातूरला होणाऱ्या शिबिरासाठी यातूनच गोलकीपर निवडायची होती आणि त्यासाठी लातूरच्या प्रशिक्षक महानंदा मॅडम स्वतः आल्या होत्या. सादिया त्या दिवशी जेवलीच नाही. तिला या शिबिराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पाहुणे उशिरा आले, भाषणं त्याहून लांबली. सगळे, शाल पांघरलेला पाशामियाँही, उत्तरेकडं तोंड करून छताच्या सावलीत बसले. बायकांसाठी एका कडेला लग्नातल्यासारखी कनात लावली होती, उंच बांबूंची, जाड लाल कापडाची. तिच्या फटीतून हाजराबी बघत होती.

दुसऱ्या हाफमध्ये सादिया पूर्वेच्या गोलमध्ये आली आणि समोर सूर्य उतरला. पहिला गोल तिला दिसलाच नाही. दुसऱ्याला ती हात डोळ्यांवर धरून उभी होती आणि चेंडू तिच्या कोपराजवळून आत गेला. पहिल्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं.

हाजराबी उठली आणि कनातीच्या दोऱ्या सोडायला लागली.

"हाजराबी, काय करून राहिलीस? मर्द बघतील आपल्याला!" शेजारची नीलाबाई म्हणाली.

"बघू दे. दुपारपासनं आपण त्यांनाच बघून राहिलो ना? धर तो बांबू."

पाच-सहा जणी कनात घेऊन मैदानाला वळसा घालत पश्चिमेच्या मातीवर चढल्या. चपला निसटत होत्या. सूर्य बुडायला हातभर राहिला होता. त्यांनी बांबू उभे केले, कापड ताणलं आणि मैदान ओलांडून गेलेली लांब सावली सादियाच्या तोंडावर पडली. तिनं हात खाली घेतला.

"भगिनींना विनंती आहे, त्यांनी पडद्याआड बसावं," अमरेशराव माईकवर ओरडले.

"पडद्याआडच हाव की!" कनातीमागून हाजराबीनं उत्तर दिलं.

थोड्या वेळानं माती तुडवत, धापा टाकत पाशामियाँ वर आला. शाल खुर्चीवरच राहिली होती. त्यानं कडेचा बांबू धरला.

"पहिली रांग सोडून?" हाजराबीनं विचारलं. त्यानं बांबू मातीत रोवला. "सरळ धरा. तिरपा झालाय."

त्यानं सरळ धरला. त्यानंतर हदगावच्या पोरींनी तीनदा चेंडू मारला. तीनही वेळा सादियानं तो पोटाशी घेतला.

सामना नांदेड हरलं. महानंदा मॅडमनी सादियाला शिबिरासाठी घेतलं, पण राखीव म्हणून. "आडव्या स्टेडियममधली उभी पोरगी हाय ही," एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी समितीनं ठराव केला की यापुढं सामने सकाळी होतील. सकाळी पश्चिमेच्या गोलकीपरला तेच ऊन लागतं, हे कळल्यावर अमरेशरावांनी दोन काळे चष्मे मागवले. त्यातला एक ते स्वतः घालून फिरायचे.

सादियाला लातूरच्या बसमध्ये बसवायला हाजराबी स्टँडवर गेली होती. आठवडाभरानं, दुपारी रजईला टाके घालता घालता तिची मान पुढं कलली, ती परत वर आलीच नाही. पोरीला हातातलं शिबिर टाकून मातीला यावं लागलं आणि मातीनंतर पाशामियाँनंच तिला परत बसमध्ये बसवलं.

म्हणजे सादियानं दादीचं शेवटचं ऐकलं ते स्टँडवरच. बस हलली होती. हाजराबीनं खिडकीचा गज धरून दोन पावलं बसबरोबर टाकली आणि म्हणाली, "धपाटे आजच खाऊन घे. अन् डबा परत आण. झाकणासकट."