कॅप्टनच्या मायची जबानी

मोताळा तालुक्यातल्या त्या गावाला फुटबॉलचं वेड लागलं आणि अन्नपूर्णाच्या जिवाला घोर. शाळेत खिचडी शिजवणारी ही बाई. नवरा गेल्यापासून चुलीपुढेच तिचं वय सरलं होतं. पोरगा प्रसेनजित दहावीत, शाळेच्या टीमचा कॅप्टन. जी रिकामटेकडी मंडळी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती, ती आता 'कॅप्टनची माय' म्हणून तिला खुर्ची द्यायला लागली.

मग सेमीफायनलच्या आदल्या संध्याकाळी रोहिणखेडच्या टीमचा गोलकीपर जाकीर याला तोंडाला रुमाल बांधलेल्या दोघांनी रस्त्यात गाठलं, रक्त निघेस्तोवर मारलं आणि त्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी गाव मॅच जिंकलं. फटाके फुटले. लाज वाटून घ्यायला कुणाला सवड होती! जाकीरनं मात्र एकाचा आवाज ओळखला होता. प्रसेनजितचा.

हेडमास्तर उत्तमराव खिचडीच्या खोलीत आले. "पोलीस विचारायला येतील. पोरगा तापानं घरी पडला होता, एवढंच सांगा. फायनल तोंडावर आहे, पोराचं आयुष्य आहे, बाई." पुढच्या वर्षी खिचडीचं काम कुणाकडे द्यायचं, हा विषयही त्यांनी जाता जाता काढला.

अन्नपूर्णा भांडी घासत राहिली. त्या संध्याकाळी पोरगा घरी नव्हता. आला तेव्हा शर्टावर रक्त होतं, आणि तो शर्ट तिनंच घासून धुतला होता. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. कुणाच्या तरी लेकराचं रक्त आपल्या हातानं नालीत सोडलं, याची तिला स्वतःचीच किळस यायची. फार थकली होती ती.

पोलीस जमादार जबानी घ्यायला घरी आले, ते उत्तमरावांना सोबत घेऊनच. प्रसेनजित दारात उभा होता.

"त्या दिवशी संध्याकाळी पोरगा घरीच होता ना?"

"नाही."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "बाई, थकल्या दिसता. नीट आठवा. रविवारी फायनल हाय."

"सोमवारी इचारसान तरी हेच सांगीन, साहेब. त्याच्या शर्टाले रक्त होतं. म्याच धुतलं."

उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. प्रसेनजित पांढराफटक पडला.

"माय, सारं गाव माह्यासाठी खोटं बोलून राह्यलं. तूच काऊन असं केलं व?"

"गावाले कप पाह्यजे, बाबू," ती म्हणाली. "मले तू पाह्यजे."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.