मुकुंदवाडीतलं रिकामं घर

आमचा क्लब दरवर्षी गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला वर्षभर परदेशात शिकायला पाठवतो. अट एकच: जे मूल जाईल, त्याच्या घरानं तिकडून आलेलं लेकरू काही महिने आपल्यात ठेवून घ्यायचं. म्हणून आम्ही आधी घर बघायला जातो. हे काम मी कधीच कुणाला देत नाही. असं नाटक तिकीट काढूनही बघायला मिळत नाही!

त्या सकाळी आमच्या समितीच्या प्रमुख मॅडम आणि मी मुकुंदवाडीत पोचलो. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसतं बघितलं तरी पन्नाशीतल्या मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. अकरावीतली ती पोर मुलाखतीत पहिली आली होती. आजोबांपर्यंत मेंढरं वळणारं घर, वडील आता चिकलठाण्यात कारखान्यात. आजी, चुलता, दोन भाऊ धरून सात माणसं दोन खोल्यांत कशी राहतात, हे तिनं असं रंगवून सांगितलं होतं की मॅडमनी तिथंच तिचं नाव पक्कं केलं. आता फक्त घर पसंत पडायचं राहिलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि मी चाट पडलो. दोन्ही खोल्या लख्ख, आणि मोकळ्या. एक खाट, तिच्यावर कोरी चादर. माणसं तीनच: आई, वडील आणि पोर. पोरीच्या हातात पोह्यांचा ट्रे. स्थळ बघायला आल्यासारखंच!

“घरात कोण कोण असतं?” मॅडमनी विचारलं.

“आम्ही तिघंच जी,” वडील म्हणाले. “पाहुणीला आख्खी खोली मोकळी हाय.”

मॅडमनी बशी खाली ठेवली. “मुलाखतीत सात जण होते. मग खोटं कोण बोललं? तू की वडील?”

पोरीचा चेहरा पांढरा पडला. स्वतः खोटं बोलले म्हणावं तर परदेश गेला. खरं सांगावं तर बाप सगळ्यांदेखत खोटा पडतो, आणि बाप डोळ्यांनीच गप राहा म्हणत होता. मी मधे पडणार होतो, पण तोंडात पोहे.

“मी खोटं नाय बोलले, मॅडम,” ती म्हणाली. “आजी पलीकडं हाय.”

“गप बस!” वडील ओरडले.

ती बाहेर गेली आणि शेजारचं दार ठोठावलं. “आजी, ये गं. समद्यांना घेऊन ये.”

दार उघडलं. आजी आली, चुलता आला, डोक्यावर गाद्या घेतलेले दोन भाऊ आले. मागून शेजारच्या भाभी: “सुबू से बैठे हैं सब! मेरे घर में पाँव रखने को जगा नै!”

वडील खाली मान घालून म्हणाले, “पाहुणी येणार म्हणल्यावर जागा नको का करायला? आम्ही झोपू की भाभीकडं.”

“म्हणजे परदेशातली पोर तुमच्या घरात, आणि तुम्ही दुसऱ्याच्या?” मॅडमनी विचारलं.

“व्हय.”

“असं चालणार नाही.”

पोरीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

“लेकरं आम्ही माणसांत राहायला पाठवतो,” मॅडम म्हणाल्या. “वेगळी खोली नको. खाट मात्र तिची एकटीची हवी. कुठं टाकाल?”

“माझ्याशेजारी,” आजी म्हणाली. “परक्या मुलखातलं लेकरू, रातीला भ्यालं तर?”

“तिची भाषा कळेल तुम्हाला?”

“हिची तरी कुठं कळती?” आजीनं नातीकडं बोट दाखवलं.

भाभी फिस्सकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. वडिलांकडं रोखून बघत त्या म्हणाल्या, “तुम्ही मला फसवायला निघाला होतात. हिनं फसवू दिलं नाही. जाईल ती.”

पोर मटकन उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली.

“मला चारचौघांत खोटं पाडलंस,” वडील तिला म्हणाले.

“व्हय, पप्पा.”

“तिकडं गेल्यावरबी असंच बोलत जा,” म्हणाले, आणि तोंड फिरवून गाद्या आत घ्यायला लागले.